'गोळ्या गरम पडतात' म्हणून उन्हाळ्यात बंद करायच्या का?

(पत्र थोडक्यात देतोय. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.)

तापीकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा पस्तिशीचा, घरची केळी आणि थोडा कापूस. काही वर्षांपूर्वी बायपोलर आजाराचं (मन कधी फार तेजीत, कधी फार उदास जातं तो आजार) निदान झालं, तेव्हापासून जळगावच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट, मन स्थिर ठेवायला दिवसातून दोनदा लिथियम आणि रात्री ओलान्झापीन. एरवी माणूस चांगला, शेती बघतो, पोरांचा अभ्यास घेतो. पण मागचे दोन उन्हाळे वाईट गेले. दोन्ही वेळेला वैशाखात झोप उडाली, बडबड वाढली, उधारीवर वस्तू आणल्या, भांडणं झाली, आणि मागच्या वर्षी तर ॲडमिट करावं लागलं. सासूबाईंचं म्हणणं, "त्याले काही आजार नही, डोकामा ऊन चढस. गोया गरम पडतस, उन्हायामा बंद करी दे." नवऱ्यालाही ते पटलं आणि पाडव्याला त्याने गोळ्या बंद केल्या. ताईंनी चार दिवस वाट बघितली आणि मग घाबरून गोळ्या कुटून ताकात घालून द्यायला लागल्या, नवऱ्याला हे माहीत नाही. त्यात सासूबाईंनी नवस बोललाय की पोरगा चैत्रात पायी सप्तशृंगी गडावर जाईल, आणि आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) घरात नणंदेचं लग्न आहे. ताई विचारतात, गोळ्या खरंच गरम पडतात का, दोन महिने बंद ठेवल्या तर चालेल का, की मी असंच लपवून देत राहू? आणि पायी जाऊ द्यायचं का?

ताई,

बाकीचं सगळं नंतर निवांत वाचा, आधी एक काम करा. ताकात गोळी कुटून देणं आजच थांबवा आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन लावा, पुढची तारीख ज्येष्ठातली आहे म्हणून थांबू नका. तुम्ही लिहिलंय की लिथियमच्या पाकिटावर नावापुढे 'एसआर' आहे. ही गोळी पोटात हळूहळू, कित्येक तास विरघळत राहावी म्हणून मुद्दाम तशी बनवलेली असते, ती कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं, आणि लिथियमचं कसं आहे की कामाला येणारं प्रमाण आणि बाधणारं प्रमाण यांच्यात अंतर फार थोडं असतं. रक्ताच्या रिपोर्टवर ते साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये ठेवतात आणि १.५ च्या वर गेलं की विषबाधेची भीती सुरू होते. दुसरी भीती अशी की उद्या मिस्टरांच्याच मनात आलं आणि त्यांनी गुपचूप स्वतः गोळी घेतली तर तुमची एक आणि त्यांची एक असा डबल डोस होईल आणि कोणालाच कळणार नाही.

डॉक्टरांना फोनवर काही लपवू नका. किती दिवस बंद होती, किती दिवस कुटून दिली, हात थरथरतात, पाणी जास्त पितात, सगळं सांगा. पुन्हा कशी आणि कितीने सुरू करायची ते तेच ठरवतील, बहुतेक आधी रक्त तपासायला सांगतील. राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या भरून काढायला म्हणून जास्तीच्या मात्र देऊ नका. डॉक्टर रागावतील असं तुम्हाला वाटतंय, रागावले तर रागावू द्या, रोज पेशंट बघणाऱ्याला घरात असं होतं हे चांगलं ठाऊक असतं. तुम्ही हे मागच्या वर्षीच्या भीतीने केलंत, आणि ज्या बाईने मागचा वैशाख एकटीने काढला तिला ही भीती वाटणारच.

आता सासूबाईंचं बोलणं. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की डॉक्टर बरोबर आणि सासूबाई अडाणी, आणि मला इथेच जरा थांबावंसं वाटतं. कारण सासूबाईंनी जे डोळ्याने बघितलंय ते खोटं नाही. पोराचं तोंड सारखं कोरडं पडतं, रात्री उठून उठून पाणी पितो, संडासला कडक होते, उन्हात गेला की लवकर गळून जातो. आपल्याकडे ह्या सगळ्याला 'गरमी' म्हणतात, मग गोळ्या गरम पडतात हे त्यांनी काढलेलं अनुमान अगदी साहजिक आहे. फक्त ह्याची कारणं दुसरी आहेत. तहान आणि जास्त लघवी लिथियममुळे होते, ते किडनीवर काम करतं म्हणून. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ ओलान्झापीनमुळे होतं. आणि उन्हाचं म्हणाल तर मानसिक आजारावरच्या बऱ्याच औषधांनी शरीराची स्वतःला थंड ठेवायची ताकद कमी होते, ही तर डॉक्टरीतली पक्की गोष्ट आहे. माठाचं पाणी गार का होतं, तर माठ पाझरतो आणि ते पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडून जातं म्हणून. आपल्या अंगाचं घामाने तसंच होतं. काही औषधं घाम कमी करतात, आणि मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी जी जागा असते तिच्या कामातही काही औषधं अडथळा आणतात. म्हणजे ४४ डिग्रीच्या दुपारी तुमचे दीर जेवढं सहन करतील तेवढं तुमचे मिस्टर करू शकणार नाहीत, आणि त्यात त्यांचा आळस किंवा नाजूकपणा काही नाही.

तेव्हा सासूबाईंचं निम्मं खरं आहे. ऊन तुमच्या मिस्टरांना इतरांपेक्षा जास्त बाधतं. चुकतंय ते त्यावरच्या उपायात. लिथियम एकदम बंद केलं की आजार उलटायची शक्यता खूप वाढते, आणि बंद केल्याबरोबर लगेच काही होत नाही हीच खरी फसवणूक आहे. दोन-तीन आठवडे माणूस छान वाटतो, तोंड ओलं राहतं, सुस्ती जाते, सगळे म्हणतात बघा किती फरक पडला, आणि मग एक दिवस झोप उडते. तोवर वैशाख आलेला असतो आणि नाव उन्हाचं होतं. तुमचंच पत्र पुन्हा वाचून बघा, मागच्या वर्षी रामनवमीच्या सुमारास गोळ्या सुटल्या आणि आखाजीच्या आसपास ते बिघडले असं तुम्ही लिहिलंय. ह्या दोन तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि सासूबाईंसमोर नुसत्या वाचून दाखवा, वाद घालू नका.

पण त्याच्या आदल्या वर्षी गोळ्या चालू होत्या आणि तरी बिघडलं, हेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय आणि ते मला महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे गोळ्या सुटल्या असं म्हणून भागत नाही. त्या वर्षीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात की शेतीची लाईट रात्रीची होती, केळीला पाणी द्यायला हे रोज रात्री मळ्यात जायचे. ताई, मला तर खरं कारण तिथेच दिसतंय. बायपोलर असलेल्या माणसाची झोप लागोपाठ तुटत गेली की त्या तुटलेल्या झोपेतूनच तेजीचा झटका सुरू होऊ शकतो. उन्हाळ्याकडे झुकताना असे झटके वाढतात हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे त्यात भर किती पडते बघा, घराच्या भिंती आणि पत्रा मध्यरात्रीपर्यंत तापलेले, लाईट गेली की कूलर बंद, डास, लग्नाची हळद आणि डीजे, आणि वरून थ्री फेज लाईट रात्रीची. दुपारच्या उन्हाची काळजी सगळेच करतात, रात्रीकडे कोणी बघत नाही.

म्हणून माझ्या हिशोबाने ह्या उन्हाळ्यात तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं काम त्यांची रात्रीची झोप वाचवणं हे आहे. रात्रीची पाण्याची पाळी दिरांना किंवा सालदाराला द्या आणि त्या बदल्यात दिवसाचं दुसरं काम ह्यांनी घ्यावं, म्हणजे घरात कुरबुर होणार नाही. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवून घ्या, ड्रिप असेल तर लाईट आल्यावर मोटार आपोआप सुरू होईल, रात्री जायची गरजच कमी पडेल. झोपायची जागा बदलून बघा, धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) किंवा अंगणात मच्छरदाणी लावून झोपलेलं आतल्या खोलीपेक्षा बरं असतं, फक्त चार माणसं गप्पा मारतात तिथे नको. संध्याकाळी आंघोळ, चहा पाचनंतर नाही, आणि फोन उशापासून लांब. दोन रात्री सलग तीन-चार तासच झोप झाली आणि तरी सकाळी हे ताजेतवाने दिसले, बोलणं भराभर व्हायला लागलं, नव्या नव्या योजना निघायला लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तेव्हा थोडा डोस बदलला तर काम होतं, आठ दिवस वाट बघितली तर पुन्हा ॲडमिट करायची वेळ येते.

आता पाणी आणि मीठ, कारण लिथियम चालू असणाऱ्याला उन्हाळ्यात हे समजलंच पाहिजे. किडनी लिथियमला आणि मिठातल्या सोडियमला जवळपास सारखंच वागवते. घामातून मीठ आणि पाणी गेलं की किडनी मीठ धरून ठेवायला लागते आणि त्याच्यासोबत लिथियमही धरून ठेवते, मग गोळी तेवढीच आणि रक्तातलं प्रमाण मात्र वाढलेलं. म्हणून घरात कोणी म्हणालं की मीठ कमी कर, बीपी होईल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम मीठ तोडू नका. त्याचप्रमाणे निर्जळी उपवास ह्यांनी करायचा नाही. रात्री पाणी पिऊ नको असं कोणी टोकत असेल तर ते थांबवा, त्यांची ती तहान औषधाची आहे, पाणी तोडलं तर नुकसान होईल. तहान लागायची वाट न बघता दिवसभर थोडं थोडं पाणी, अकराच्या सुमारास मीठ घातलेलं पातळ ताक, दुपारी कैरीचं पन्हं, जेवण रोजच्यासारखं. नुसतं साधं पाणी तांब्यावर तांबे ढोसायचं हेही बरोबर नाही, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं.

अंगदुखीच्या गोळीचं तर मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे केळीचे घड वाहून पाठ धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खातात, कोणाला काही वाटतही नाही. ह्या दोन्ही गोळ्यांनी लिथियम रक्तात वाढतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही वाढतं, टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल, आणि लघवी जास्त करून बीपी उतरवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दाताच्या, तरी 'लिथियम चालू आहे' हे पहिलं वाक्य असू द्या. ताप किंवा अंगदुखीला काय चालेल ते तुमच्या डॉक्टरांकडून आधीच विचारून लिहून ठेवा, बहुतेक पॅरासिटामॉल सांगतील. आणि उन्हाळ्यात हमखास होणारं, लग्नाच्या जेवणातून जुलाब-उलट्या, त्या दिवशी लिथियमची पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा. अंगातलं पाणी गेलेलं असताना ते कदाचित काही वेळ थांबवायला सांगतील, पण ते त्यांनी सांगायचं, आपण ठरवायचं नाही.

हात थरथरतात असं तुम्ही लिहिलंय. लिथियमवर बोटांची बारीक थरथर बऱ्याच जणांना असते. पण ती वाढून चहाचा कप धरता येईना, चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली, जुलाब-उलट्या, गुंगी, ह्यातलं काही दिसलं तर सरळ हॉस्पिटल, रात्र असली तरी. रक्त तपासणी करायची तर शेवटची गोळी घेतल्यानंतर १२ तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणजे सकाळी गोळी न घेता जायचं आणि रक्त दिल्यावर मग घ्यायची. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की उन्हाळ्यात किती दिवसांनी तपासायचं, आणि किडनी आणि थायरॉइडची तपासणी कधी झाली होती.

एक गोष्ट ज्यांच्या ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्या सगळ्यांनी मनात पक्की ठेवा. भर दुपारी तो असंबद्ध बोलायला लागला, ओळख पटेना, धडपडायला लागला, तर 'पुन्हा सुरू झालं ह्याचं' असं म्हणून खोलीत कोंडू नका. आधी अंगाला हात लावा. अंग भट्टीसारखं तापलं असेल तर तो उष्माघात असू शकतो, घाम येत असला तरीही, आणि त्यात प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. १०८ ला फोन करा, सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. ताप चढून अंग लाकडासारखं ताठ झालं असेल तर मनोविकाराच्या काही औषधांनीही क्वचित तसं होतं, तेही तातडीचंच आहे, हॉस्पिटलमध्ये गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. माणूस 'मेंटल पेशंट' आहे म्हटलं की त्याची प्रत्येक तक्रार त्याच आजारात ढकलली जाते, घरी पण आणि दवाखान्यात पण, आणि ह्याने माणसं दगावतात. २०२१ च्या जूनअखेरीस कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची लाट आली, आठवड्याभरात ६१९ माणसं गेली, बहुतेक आपापल्या घरातच, आणि अर्ध्याहून जास्त एकटी राहणारी. नंतर जुन्या आजारांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सगळ्यात जास्त धोका स्किझोफ्रेनिया (भास आणि भलते संशय येणारा मानसिक आजार) असलेल्यांना होता असं निघालं, किडनी आणि हार्टवाल्यांपेक्षाही जास्त. आपल्या केंद्र सरकारच्या उष्णतेच्या सूचनांतही म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाया ह्यांच्या जोडीला मानसिक आजार असलेल्यांचं नाव आहे, पण गावात दवंडी द्यायची वेळ येते तेव्हा ते कोणी वाचत नाही.

स्किझोफ्रेनियावाल्या घरांनी जास्त जपावं, कारण त्या माणसाला गरम होतंय हे कधी कधी जाणवतच नाही, भर मे महिन्यात स्वेटर घालून बसतो, आणि स्वेटर ओढून काढायला गेलं की मारामारी. त्यापेक्षा त्याच्या आवडीचा सुती शर्ट सकाळीच हाताशी ठेवा, ताकाचा ग्लास त्याच्यासमोर बसून स्वतःही प्या, दिवसातून दोन-तीनदा अंगाला हात लावून बघा. क्लोरप्रोमाझीन, क्लोझापीन, हातपाय आखडू नयेत म्हणून देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल, डिप्रेशनला किंवा डोकेदुखीला देतात ती अमिट्रिप्टिलीन, ह्यांनी घाम कमी होतो. क्लोरप्रोमाझीनने उन्हात कातडी लवकर भाजते. उलट सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम अशा गोळ्यांनी काहींना घाम जास्त येतो, आणि म्हाताऱ्यांमध्ये रक्तातलं मीठ उतरू शकतं. झोपेच्या गोळीने माणूस तापलेल्या खोलीत नुसता पडून राहतो. ह्यातली एकही गोळी हे वाचून बंद करायची नाही, पुढच्या व्हिजिटला 'उन्हाळ्यात ह्याचं काय करायचं' एवढं विचारायचं. भुसावळ स्टेशनला, एसटी स्टँडवर तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरणारी माणसं तुम्ही पण बघितली असतील. त्यांना पाणी द्या आणि पोलिसांना कळवा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला संरक्षण देणं आणि दवाखान्यात पोचवणं हे पोलिसांचं काम आहे.

नवसाचं बोलू. पायी गडावर जायला मी ह्या वर्षी नाहीच म्हणेन. चैत्रातलं ऊन, डांबरी रस्ता, रात्री-पहाटेची चाल, झोप कुठेतरी शाळेच्या ओट्यावर, कोणी उपवास धरलेला, आणि गोळ्या नुकत्याच बंद-चालू झालेल्या. एवढं सगळं एकदम नको. पण सासूबाईंना नवस सोडा असं सांगू नका, तो त्यांच्या पोराच्या काळजीतून बोललेला आहे. देवीला जायला एसटी आहे, भल्या पहाटेची गाडी पकडा आणि ऊन चढायच्या आत दर्शन करा. आणि पायीच हवं असेल तर कोजागिरीला गडावर कावडी घेऊन लोक पायी जातातच, तेव्हा चैत्राएवढं ऊन नसतं, तब्येत स्थिर असली आणि डॉक्टर हो म्हणाले तर जोडीने चाला. सासूबाईंना सांगताना 'डॉक्टर नाही म्हणतात' असं सांगू नका, 'आई, तुम्हीच म्हणता ना ह्यांना ऊन चढतं, मग चैत्रात उन्हात कसं चालवायचं' असं म्हणा. त्यांचंच बोलणं आहे, त्यांना पटेल. पुढच्या व्हिजिटला त्यांना सोबत न्या, आणि गोळ्या गरम पडतात का हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारू द्या. ताकाची वेळ सांभाळायचं काम त्यांच्याकडे द्या, माझा अनुभव आहे की ज्या आईच्या हातात काही काम असतं ती आई गोळ्यांच्या विरोधात जात नाही.

पत्रभर मला एक गोष्ट खटकत राहिली. सासूबाई काय म्हणतात ते आहे, डॉक्टर काय म्हणतात ते आहे, तुमची भीती आहे, पण मिस्टरांना स्वतःला काय वाटतं ते कुठेच नाही. त्यांनी गोळ्या बंद केल्या ते फक्त आई म्हणाली म्हणून का? की सुस्तीने मळ्यात काम होत नाही म्हणून, की थरथरत्या हातांची चारचौघांत लाज वाटते म्हणून? तब्येत चांगली असलेल्या माणसाला गोळी लपवून देणं म्हणजे त्याच्या आयुष्याचा निर्णय त्याच्या पाठीमागे घेणं, आणि ज्या दिवशी त्यांना ताकाची चव कळेल त्या दिवशी ते तुमच्या हातचं जेवणही संशयाने बघतील. हे तुम्हीच त्यांना सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आधी. चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. सांगताना मी चुकले एवढंच म्हणून थांबू नका, मागच्या वैशाखात मला काय काय बघावं लागलं तेही सांगा, त्यांना त्या दिवसांतलं बरंचसं धड आठवतही नसेल. मग त्यांचा त्रास ऐका आणि तो डॉक्टरांपर्यंत न्या. सुस्ती असेल तर रात्रीच्या गोळीची वेळ किंवा डोस बदलता येतो, थरथरीवर उपाय असतात. आत्ता ते बरे आहेत तोवर दोघं बसून हेही लिहून ठेवा की पुन्हा झोप उडाली तर कोणाला फोन करायचा, पैसे आणि गाडीची चावी कोणाकडे द्यायची, कुठल्या दवाखान्यात जायचं. त्याच २०१७ च्या कायद्यात आपल्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायची आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमायची सोय आहे, कागद कसा करायचा ते डॉक्टरांना विचारा.

लग्नाला त्यांना लपवू नका, कामातून काढूनही टाकू नका. सकाळच्या वेळेतलं एखादं मानाचं काम द्या आणि हळदीच्या रात्री दहा-साडेदहाला घरी झोपायला पाठवा, कोणी विचारलं तर 'सकाळी लवकर काम आहे' एवढं पुरे. दारू अजिबात नको, 'थंड पडते' म्हणून बिअर पाजणारे मित्र आखाजीपासून मृगापर्यंत सगळ्या लग्नांत भेटतात, त्यांना दिरांनी आधीच सांगून ठेवावं. मळ्यातलं काम सकाळी दहाच्या आत आणि मग थेट पाचनंतर, डोक्याला ओलं उपरणं. दुपारी कूलर लावाल तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेवा, हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. लाईट असून फक्त पंखाच असेल तर चाळीसच्या वर पारा गेल्यावर पंखा गरम हवाच अंगावर मारतो, तेव्हा अंग आणि कपडे ओले करून मग पंख्याखाली बसायचं. गोळ्यांचा डबा पत्र्याजवळच्या फळीवर, फ्रिजच्या वर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खाली, कोरड्या जागी ठेवा.

जळगावला जाणं जमत नसेल किंवा डॉक्टर फोन उचलत नसतील तर १४४१६ वर टेली मानसला फोन करा, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली हेल्पलाइन आहे, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या स्वतःच्या झोपेसाठी आणि रडण्यासाठीही त्याच नंबरवर बोलता येतं, नुसतं पेशंटसाठी नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं सरकारी दवाखान्यात असतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मनोविकाराची ओपीडी कुठल्या दिवशी असते ते फोन करून विचारून जा. रक्ताचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो काढून ठेवा, तुमच्या फोनमध्ये एक आणि दिरांच्या फोनमध्ये एक, आणि फोटोखाली त्या आठवड्यात ते किती वाजता झोपत होते ते पण टाका.